माला सेन : अनोळखी बाईचं आयुष्य चाळीस मिनिटांत कसं सांगावं

आमचं नाशिकच्या सिडकोतलं मंडळ मूळचं भिशीचं. भिशी बंद पडली, बायका राहिल्या. आता महिन्यातल्या एका शनिवारी पवननगरजवळच्या समाजमंदिरात जमतो आणि एकजण उठून कुणातरी बाईचं आयुष्य सांगते. चाळीस मिनिटं बोलायचं, मग प्रश्न, मग चहा. नवीन आलेली प्रत्येकजण आधी सावित्रीबाई नाहीतर आनंदीबाई जोशी यांच्यापाशीच थांबते. त्यांच्याबद्दल कुणाला काय म्हणायचंय? पण ऐकणाऱ्यांना ते सगळं तोंडपाठ असतं. तुम्ही शेणाच्या गोळ्यांपर्यंत पोचायच्या आतच पुढच्या रांगेतल्या काकू ते वाक्य पुरं करून मोकळ्या होतात. म्हणून मी सगळ्यांना सांगते, जिचं नावही कुणी ऐकलेलं नाही अशी बाई घ्या. मी माला सेन घेतली. बंगाली बाई, लेखिका, विलायतेत राहून आपल्यासारख्या कष्टकरी माणसांच्या हक्कांसाठी झगडलेली. ती सांगायची तयारी कशी करायची ते इथे लिहिते. तुम्हाला दुसरी कुणी घ्यायची असेल तर घ्या, रीत तीच.

मी शिवणकाम करते. फॉल-पिको, ब्लाउज, जूनमध्ये शाळांचे युनिफॉर्म. इंग्रजी जेमतेम. हे अशासाठी सांगितलं, की ‘आम्हाला कुठं जमतंय’ असं म्हणायची सोय तुम्हाला राहू नये.

मालावर मराठीत वाचायला फारसं काही हाती लागत नाही. मालानं जिच्यावर पुस्तक लिहिलं त्या चंबळच्या डाकू फूलनदेवीवर लागतं, आणि त्यात एका ओळीत माला सेन येते आणि जाते. 2011 साली ती वारली तेव्हा ब्रिटनमधल्या वर्तमानपत्रांनी तिच्यावर मृत्युलेख छापले होते. ते फोनवर सापडतात. इंग्रजी वाचणारं घरातलं कुणीतरी पकडा. मी भाचीला पकडलं. ती मोठ्यानं वाचायची, मराठीत सांगायची, मी समोर हुक-काज करत बसायचे. ज्या ठिकाणी माझा हात थांबला तेवढंच वहीत उतरवलं. ही चाळणी फार कामाची आहे. जे ऐकताना सुई थांबत नाही ते सभेत सांगितलं तर जांभया येतात.

एक पथ्य पाळा. दोन वेगवेगळ्या ठिकाणी जुळली तीच तारीख घ्यायची. आणि सिनेमात पाहिलेलं काहीही ‘असं झालं’ म्हणून सांगायचं नाही, मग तो सिनेमा तिच्याच पुस्तकावरून काढलेला का असेना.

टाचण एकाच पानाचं हवं. डावीकडे साल, उजवीकडे गोष्ट. माझं पान साधारण असं होतं. 3 जून 1947, मसुरीला जन्म. वडील लष्करात, पुढे लेफ्टनंट जनरल झाले. आईवडिलांचा काडीमोड झाला तेव्हा ही लहान, वडिलांकडे वाढली. शाळा देहरादूनला, वेल्हम. मग मुंबईला निर्मला निकेतनमध्ये गृहविज्ञान. 1965 मध्ये, वय सतरा-अठरा, फारुख धोंडी या पुण्याच्या पारशी मुलामागे इंग्लंडला पळून गेली. तो केंब्रिजला शिष्यवृत्तीवर शिकत होता. 1968 ला लग्न, 1976 ला घटस्फोट. 1991 ला फूलनदेवीवरचं पुस्तक, 1994 ला त्यावरचा सिनेमा, 2001 ला दुसरं पुस्तक. 21 मे 2011 ला मुंबईत निधन. बस. एवढं पान तीन मिनिटांत वाचून होतं. ते वाचायचं नाही, हाताशी ठेवायचं.

आता खरी अडचण. मालाबद्दल बोलायला उभं राहिलं की ती सारखी हातातून निसटते. तिनं जन्मभर दुसऱ्यांच्या गोष्टी कागदावर आणल्या, त्यामुळे तिच्याबद्दल बोलता बोलता आपण भलत्याच कुणाबद्दल बोलायला लागतो. आधी वडील पुढे येतात. आपल्याकडे देवळाली कॅम्प असल्यामुळे जनरल म्हटलं की माना वळतात. ब्रिगेडियर असताना सेन 1947 च्या काश्मीरच्या लढाईत होते, शालटेंगची लढाई त्यांच्याच ब्रिगेडनं जिंकली, हे ऐकल्यावर आमच्याकडच्या एका निवृत्त हवालदाराच्या सौभाग्यवतींनी जे सुरू केलं ते थांबेना. मग तो पळून जायचा किस्सा पुढे येतो, त्यात नवरा नामवंत लेखक निघाला म्हणजे झालंच. आणि शेवटी फूलन, ती तर अख्खी सभाच उचलून नेते. या तिघांना किती वेळ द्यायचा ते घरूनच ठरवून निघा. वडिलांना एक वाक्य, नवऱ्याला दोन, फूलनला आठ मिनिटं, घड्याळ लावून.

नाशिकमध्ये आणखी एक गोष्ट होते. लंडन आणि चळवळ हे शब्द एका दमात आले की सावरकरांचं इंडिया हाऊस निघणारच. त्यांचं भगूर इथून हाकेच्या अंतरावर, विजयानंद थिएटरात 21 डिसेंबर 1909 ला कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या गेल्या हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. त्याला विरोध करू नका, वेळ जातो. सरळ सांगा, की ते स्वातंत्र्याच्या आधीचं लंडन. हे नंतरचं, जिथं आपली माणसं बॅरिस्टर व्हायला नाही, पाळीवर कामाला गेली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या गिरण्यांना, भट्ट्यांना, बसगाड्यांना हात कमी पडत होते. पंजाबातून, गुजरातेतून, आताच्या बांगलादेशातल्या सिल्हेटमधून, वेस्ट इंडिजच्या बेटांवरून माणसं गेली. काम मिळालं ते गोऱ्यांनी नाकारलेलं, बहुतेक रात्रपाळीचं.

सुरुवात मसुरीपासून करू नका. जन्मापासून सुरू झालेलं भाषण शाळेपर्यंत पोचता पोचता मरतं. मी सुरुवात शिलाई मशीनपासून केली. तुमच्या मंडळात शिवणाऱ्या बायका नसतील तर दुसरं काही शोधाल, पण सिडकोत तरी घरटी एक मशीन आहे. जनरलची लेक, वेल्हममध्ये शिकलेली, आणि इंग्लंडला गेल्यावर घरभाडं भरायला कपडे शिवायला बसली. इथं दोन मिनिटं थांबा आणि नगावर मजुरी म्हणजे काय ते तुमच्या तोंडून सांगा. मला सांगायला अवघड गेलं नाही. मी काही वर्षं अंबडच्या एका युनिटसाठी घरी बसून काम केलंय. कापलेले भाग गठ्ठ्यानं यायचे, नगाला पैसे ठरलेले. दोरा आपला, सुई आपली, वीज आपली. एका कॉलरला सुरकुती आली की तो नग परत, त्याचे पैसे तर नाहीच, उसवायची मेहनत वर. दुखणं आलं तर आपलं आपण बघायचं. तास मोजायचेच नाहीत, कारण तासाचे पैसेच नसतात. हे सांगून झालं की मग म्हणा, लंडनच्या ईस्ट एंडमधल्या तळघरात आणि पोटमाळ्यावर बसून कोट-जाकिटं शिवणाऱ्या बंगाली माणसांचं हेच चाललं होतं. सभेतल्या बायकांना लंडन दाखवावं लागत नाही, त्या स्वतःच जाऊन पोचतात.

मग लेस्टर. माला आणि फारुख तिथं राहायला गेले. तिथं होजिअरीचे, टाइपरायटरचे कारखाने होते आणि कामगारांत भारतीय भरपूर. काम तेच, पगार कमी, बढती नाही, आणि युनियनवालेही गोऱ्यांच्याच बाजूने. माला या कामगारांच्या हक्कांच्या कामात पडली ती तिथं. पुढे लंडनला काळ्या माणसांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर्सच्या ब्रिटनमधल्या चळवळीत आणि मग ब्रिक्स्टनमधून निघणाऱ्या ‘रेस टुडे’ मासिकाच्या गटात. या चळवळीत वेस्ट इंडिजची आणि आपल्याकडची माणसं एकत्र होती. पोलीस, घरमालक आणि मुकादम दोघांनाही एकाच काठीनं हाकत होते, त्यामुळे वेगळं राहण्यात अर्थ नव्हता. एखादं उदाहरण द्यायचं तर मॅनग्रोव्हचं द्या. नॉटिंग हिलमध्ये त्या नावाचं कॅरिबियन हॉटेल होतं. पोलीस तिथं ऊठसूट धाडी घालायचे, म्हणून 1970 च्या ऑगस्टमध्ये मोर्चा निघाला, नऊजणांवर दंगलीचा खटला भरला, आणि 1971 च्या डिसेंबरात दंगलीच्या आरोपातून नऊच्या नऊ सुटले. त्यातल्या दोघांनी वकील न देता स्वतःच बाजू मांडली होती. पाच मिनिटांच्या वर इथं रेंगाळू नका. संस्थांची नावं फार झाली की बायका पिशवीत हात घालून फोन बघतात.

भाषणाचा गाभा म्हणजे घरं. यावर बारा मिनिटं खुशाल घाला.

त्यासाठी एक चटई आणि एक उशी न्या. मी समाजमंदिराच्या मधोमध चटई पसरली, उशी ठेवली आणि तिघींना पुढे बोलावलं. एक पहिली पाळी, एक दुसरी, एक तिसरी. म्हटलं, ही तुमची खोली. पहिलीवाली कामावर निघाली की तिसरीवाली येऊन इथेच पडणार. आता सांगा, कपडे कुठं ठेवाल? उशीचा अभ्रा कोण धुणार? ताप आला आणि पाळीला जाता आलं नाही, तर झोपाल कुठं? तिघी हसत उभ्या राहिल्या होत्या, अभ्र्यापाशी हसू थांबलं. अंबड लिंक रोडला खोल्या भाड्यानं देणाऱ्या एक मावशी मागून म्हणाल्या, “आमच्याकडं कॉट बेसिसवाल्यांची गादी गार होतच नाही.” मला जे सांगायचं होतं ते मावशींनी सांगून टाकलं. मालानं ‘रेस टुडे’त बंगाली कामगारांबद्दल लिहिलं ते हेच. एकेका खाटेवर पाळ्यांनी झोपणारी माणसं, चोवीस तास वापरात असलेली खोली.

आता यातली सरकारी गोम समजावून सांगा, कारण सगळी लढाई तिच्यावर झाली. या माणसांची लग्नं झाली होती. बायकापोरं सिल्हेटला. पण लंडनच्या नगरपालिकेच्या वहीत ते ‘एकटे पुरुष’ होते, आणि एकट्या पुरुषाला सरकारी घराच्या यादीत जागा नव्हती. सत्तरच्या दशकात बायकामुलं यायला लागली तेव्हा त्यांना त्याच खोलीत आणायचं की रस्त्यावर ठेवायचं, हा प्रश्न उभा राहिला. आणि शेजारच्याच गल्लीत पाडण्यासाठी म्हणून रिकाम्या केलेल्या सरकारी इमारती वर्षानुवर्षं कुलपं लावून पडल्या होत्या. ज्या थोड्यांना घरं मिळाली त्यांना लांबच्या गोऱ्या वस्त्यांत मिळाली. तिथं खिडक्यांवर दगड, दाराच्या फटीतून घाण, पोरांना मार. बरीच कुटुंबं घर मिळूनसुद्धा परत ईस्ट एंडमधल्या ब्रिक लेनच्या कोंदट खोल्यांत आली.

1976 मध्ये माला, फारुख आणि तिथल्या बंगाली रहिवाशांनी मिळून बेंगाली हाउसिंग अ‍ॅक्शन ग्रुप उभा केला. काम सोपं होतं आणि जोखमीचं. रिकाम्या इमारतीचं कुलूप काढायचं, कुटुंबं एकदम आत न्यायची, पाणी-वीज सुरू करून घ्यायची, फुटक्या खिडक्या बसवायच्या आणि रात्री दारात माणसं पहाऱ्याला ठेवायची. वुडसीअर स्ट्रीटवरची पेलहॅम बिल्डिंग अशीच भरली. सभेत सांगताना ‘चळवळ उभारली’ असं म्हणून पुढे पळू नका. आत गेल्यावर पहिल्या रात्री काय लागतं ते बायकांना विचारा. आमच्याकडे यादी झाली: मेणबत्त्या, बादली, कडी, लहान मूल असेल तर स्टोव्ह. सिडकोतलं घर ताब्यात घेतलं तेव्हा नळाला पाणी यायला किती दिवस लागले याच्या आठवणी निघाल्या. निघू द्या, पण दोनच.

इथं हमखास एक प्रश्न येतो, ‘म्हणजे हे बेकायदाच ना?’ विचारणारी बहुधा जिचा स्वतःचा भाडेकरू खोली सोडत नाही अशी असते, तेव्हा जपून. उत्तर तयार ठेवा. तुमच्या-माझ्या राहत्या घरात कुणी शिरलं नव्हतं. सरकारनंच रिकामी टाकलेली, पडायला सोडलेली घरं होती ती. आणि पडीक जमिनी भूमिहीनांना द्या म्हणून 1959 आणि 1964 ला ज्या दादासाहेब गायकवाडांनी सत्याग्रह केला तो तर आपल्याच जिल्ह्यातला माणूस, दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचा. 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिराच्या दाराशी जी माणसं उभी राहिली तीही कुणाच्या तरी वहीनुसार चुकीच्याच जागी उभी होती. ज्यांच्या आज्या तिथं होत्या अशा दोघी आमच्या मंडळात आहेत. त्यानंतर बेकायदाचा मुद्दा कुणी काढला नाही.

आणि निकाल सांगायला विसरू नका. 1977 मध्ये ग्रेटर लंडन कौन्सिलनं अशा घुसून राहिलेल्या लोकांना अभय जाहीर केलं, नावं नोंदवा, घरं मिळतील म्हणून. बंगाली कुटुंबांचा आग्रह होता की आम्हाला ब्रिक लेनच्या आसपास, एकमेकांच्या हाकेला ओ देता येईल अशी घरं द्या. यावर टीकाही झाली, की हे स्वतःहून वेगळी वस्ती मागतायत. माझं मत विचाराल तर, ज्याच्या खिडकीवर दगड येत नाही त्यानं शेजारी कुणी असावं यावर प्रवचन देऊ नये.

दगड म्हणजे काय ते कळायला अलताब अलीचं नाव घ्या. शिलाई कामगार, पंचविशीच्या आतबाहेरचा. 4 मे 1978 च्या संध्याकाळी काम संपवून घरी जाताना व्हाइटचॅपलमध्ये तीन पोरांनी त्याला भोसकून मारलं. दहा दिवसांनी हजारो माणसं त्याची शवपेटी घेऊन पंतप्रधानांच्या दारापर्यंत चालत गेली. तो पडला तिथल्या बागेला आता त्याचं नाव आहे. हे तीन मिनिटांत सांगा आणि आवाज चढवू नका, गरज लागत नाही.

पुढची आठ मिनिटं फूलनची, पण मालाच्या बाजूनं. बेहमई गाव, 14 फेब्रुवारी 1981, गोळ्या घालून मारलेली वीस माणसं, हे सगळ्यांना ऐकून माहीत असतं, त्यात नवं काही नाही. नवं आहे ते मालानं काम कसं केलं ते. फूलननं 1983 च्या फेब्रुवारीत मध्य प्रदेशात भिंडला तेव्हाचे मुख्यमंत्री अर्जुन सिंहांसमोर शस्त्रं ठेवली आणि ग्वाल्हेरच्या तुरुंगात गेली. खटला न चालवता तिला अकरा वर्षं डांबून ठेवलं. माला तेव्हा ब्रिटिश टीव्हीसाठी माहिती जमवायचं काम करत होती. तुरुंगातल्या बाईशी निवांत बोलत बसायला कोण देणार? फूलनला लिहिता-वाचता येत नव्हतं. मग फूलन सांगायची, बरोबरच्या कैद्यांपैकी ज्यांना लिहिता येत होतं ते लिहून घ्यायचे आणि ते कागद बाहेर मालाकडे पोचायचे. असे कागद, भेटी, गावागावांतली चौकशी, पोलिसांची दप्तरं, यात आठ वर्षं गेली. 1991 ला ‘इंडियाज बँडिट क्वीन’ छापलं. माझा हात सुईवर थांबला तो या कागदांपाशी. एकीनं सांगायचं, दुसऱ्याच कुणीतरी लिहायचं, तिसरीनं ते जपून पुस्तकापर्यंत न्यायचं. मंडळातल्या अंगठा उठवणाऱ्या आजींनी ‘मला पण असं कुणी लिहून देईल का?’ असं विचारलं. आम्ही त्यांच्या नातीला कामाला लावलंय, दोन वह्या झाल्या.

बलात्कार हा शब्द सरळ उच्चारा. ‘अत्याचार’, ‘तसलं काही’ असं गुळमुळीत नको. पण वर्णन करू नका. सभेत कोणावर काय गुदरलंय ते आपल्याला ठाऊक नसतं, शिवाय नववी-दहावीच्या मुलीही येऊन बसतात.

आणि सिनेमाचं भांडण लपवू नका. शेखर कपूरचा ‘बँडिट क्वीन’ 1994 ला आला, पटकथेवर मालाचं नाव. फूलन त्याच वर्षी सुटून आली आणि तिनं या सिनेमाला हरकत घेतली, दिल्ली उच्च न्यायालयात गेली. अरुंधती रॉय यांनी तेव्हाच सडकून लिहिलं, की जिवंत बाईवरचा बलात्कार तिला न विचारता पडद्यावर दाखवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? पुढे पैसे घेऊन फूलननं तडजोड केली. काहीजणी म्हणतील, चांगल्या बाईबद्दल हे कशाला काढायचं? काढायचं. पुस्तकात फूलनचं म्हणणं तिच्या शब्दांत आहे, सिनेमात ते इतरांच्या हातात गेलं, आणि त्या इतरांत मालाही होती. मला तरी ती यात पूर्ण सुटलेली वाटत नाही. तुम्हाला वेगळं वाटलं तर तसं सांगा, पण काहीच न वाटल्यासारखं पुढे जाऊ नका. फूलन 1996 ला मिर्झापूरहून खासदार झाली, 25 जुलै 2001 ला दिल्लीत घराच्या दारात तिला गोळ्या घातल्या. तिथं घड्याळ बघा आणि थांबा.

दुसरं पुस्तक, ‘डेथ बाय फायर’, 2001. सती, हुंडाबळी, मुलींची जन्मताच हत्या हे विषय. राजस्थानातल्या देवराळ्याची रूपकंवर, 4 सप्टेंबर 1987, वय अठरा. तमिळनाडूत नवऱ्यानं पेटवलेली एक बाई. जन्मलेली मुलगी मारल्याबद्दल शिक्षा झालेली आणखी एक. हे दोन मिनिटांत आटपा. स्टोव्हचा भडका म्हटल्यावर प्रत्येकीच्या डोळ्यांपुढे आपापल्या गल्लीतलं एक नाव येतं, त्यावर भाषणाची फोडणी लागत नाही. एवढं मात्र जरूर सांगा, की विलायतेत स्थायिक झालेली बाई पुन्हा पुन्हा इकडच्या खेड्यांत येऊन बसत होती. तिच्या मते ईस्ट एंडची रात्रपाळी आणि चंबळचं खोरं ही काही दोन वेगळी कामं नव्हती.

मरणाचं लांबवू नका. अन्ननलिकेचा कर्करोग, मुंबईचं टाटा रुग्णालय, शस्त्रक्रियेनंतर 21 मे 2011 ला गेली, वय 63. पंचवटी एक्स्प्रेसनं टाटाला खेपा घालणारी घरं आपल्याकडे कमी नाहीत, तपशील त्यांना माहीत आहेत.

सांगताना ‘त्या थोर होत्या’, ‘त्यांनी झोकून दिलं’ अशी वाक्यं वहीतून खोडून टाका. प्रत्येक वाक्यात तिनं काय केलं ते असू द्या: शिवलं, लिहिलं, कुलूप काढलं, कागद जमवले. क्रियापद सापडत नसेल तर ते वाक्य गाळा. माझं भाषण यामुळे पाऊण पान कमी झालं आणि चाळीस मिनिटांत बसलं. माईक असेल तर तो हातात धरू नका, चटई पसरता येत नाही. आणि घरी एकदा मोठ्यानं म्हणून बघा, मशीन चालू ठेवून. त्या आवाजात तुमचं तुम्हाला ऐकू आलं म्हणजे शेवटच्या रांगेला ऐकू येईल.

प्रश्नांत तीन नक्की येतात. पहिला, नवऱ्याला सोडलं का? उत्तर: घटस्फोट झाला, मैत्री राहिली. घराच्या संघटनेत दोघं बरोबरच होते, आणि पुढे फारुख चॅनल फोर या ब्रिटिश टीव्ही वाहिनीत अधिकारी असताना त्याच चॅनलनं तो सिनेमा काढला. यापुढे कुणी खोलात शिरलं तर दुसरीकडे बघून हात वर केलेल्या बाईला बोलवा. दुसरा, पुस्तक मराठीत वाचायला मिळेल का? त्याची वाट बघत बसू नका. आम्ही इंग्रजीच आणलं आणि भाचीकडून एकेक प्रकरण ऐकायला घेतलंय, महिन्याला एक.

तिसरा प्रश्न असतो, आता तिथं कोण राहतं? ब्रिक लेनचा भाग आज बांगलाटाउन म्हणून ओळखला जातो. गल्ल्यांच्या पाट्या बंगालीत आहेत, 2022 पासून व्हाइटचॅपल स्टेशनचं नावही बंगालीत लागलंय. भाडी आभाळाला भिडलीत आणि शिलाईच्या तळघरांत आता बऱ्याच ठिकाणी दुसरेच धंदे आहेत. पण हे सांगताना सगळं श्रेय मालाच्या पदरात टाकू नका. आत शिरून राहिलेली, पहाऱ्याला बसलेली, मार खाल्लेली माणसं सिल्हेटची होती. माला त्यांच्याबरोबर होती आणि तिनं ते लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला पवननगरात बसून सांगता येतंय.